वाचकांचे प्रश्न : ‘नको’ म्हणायला कसे शिकवावे?

प्रश्न : आम्ही अमळनेरचे. माझा मुलगा २१ वर्षांचा असून त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. अठराव्या वर्षापर्यंत तो विशेष शाळेत जात होता, आता घरीच असतो. तो बोलतो, नोटा ओळखतो, मोबाइलवरून फोन लावतो. त्याला आंघोळ मीच घालते आणि दाढी त्याचे वडील करून देतात, कारण त्याच्यावर सोडले तर फार वेळ जातो. स्वभावाने गरीब आहे, सांगू ते ऐकतो. यंदा सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात एका अनोळखी माणसाने ‘चल, गोळा खाऊ घालतो’ म्हटले आणि हा त्याच्यामागे निघाला. ओळखीच्या दुकानदाराने पाहिले म्हणून सापडला. आम्ही दोघेही साठीला आलो आहोत. नातेवाईक म्हणतात, संस्थेत ठेवा. मोठी मुलगी म्हणते, त्याचे त्याला करू द्या. सुरुवात कुठून करावी? — एक आई

उत्तर : ताई, सुरुवात यात्रेतल्या त्या माणसापासून न करता न्हाणीघरापासून करावी, असे मी सुचवेन. ज्याच्या अंगाला एकविसाव्या वर्षीही रोज दुसरे कोणी हात लावते आणि कपडे उतरवण्यापूर्वी ज्याला कोणी विचारत नाही, त्याने परक्याचा चुकीचा स्पर्श ओळखून तो नाकारावा, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? आपण कौतुकाने लिहिलेले ‘सांगू ते ऐकतो’ हे वाक्यच मला पत्रात सर्वांत काळजीचे वाटले. अशा मुलांचा गैरफायदा घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीतलीच असते आणि तिला असाच आज्ञाधारक मुलगा सोयीचा पडतो.

आंघोळ शिकवताना ती शेवटाकडून शिकवावी. पहिले काही दिवस आपण नेहमीप्रमाणे सगळे करावे आणि फक्त शेवटची पायरी, म्हणजे अंग पुसून बनियन चढवणे, त्याच्याकडे सोपवावी. ती न सांगता जमू लागली की अंगावर शेवटचे तांबे ओतणेही त्याचे, मग साबण लावणे, मग बादलीत पाणी काढणे, असे एकेक पाऊल मागे सरकत जावे. यात काम दरवेळी त्याच्याच हातून पुरे होते आणि त्याचा हुरूप टिकतो. बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, हा क्रम पहिल्या दिवसापासून पक्का असावा. पाणी तापवायची विजेची रॉड त्याच्या हाताशी ठेवूच नये. ‘आता साबण घे, आता पाठ घास’ असे बोलत राहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तोंडी सूचनांची सवय मोडणे फार अवघड जाते आणि मुलगा पुढच्या पायरीसाठी आईच्या आवाजाची वाट पाहत उभा राहतो. त्याच्याच बादलीचे, साबणाचे आणि टॉवेलचे फोटो क्रमाने प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून भिंतीवर लावावेत, आणि तो अडला की नुसते बोटाने दाखवावे. वेळ लागेल, हे खरे आहे; सकाळची घाई असेल तर आंघोळ संध्याकाळी ठेवावी, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला कोणी नावे ठेवणार नाही. दाढीसाठी ब्लेडऐवजी बॅटरीवर चालणारा ट्रिमर द्यावा.

न्हाणीघराचे दार लावून घेणे हाही या शिकवण्याचा भाग आहे. अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवावी, पण एरवी दार वाजवून, त्याने ‘ये’ म्हटल्यावरच आत जावे, आणि हा नियम त्याच्या वडिलांनीही पाळावा. शरीराच्या खासगी अवयवांची नावे त्याला लाज न बाळगता सांगावीत, म्हणजे काही घडले तर कुठे घडले हे तो सांगू शकेल. डॉक्टर तपासत असताना घरचे माणूस सोबत असेल, आणि कोणी ‘हे घरी सांगू नको’ म्हटले तर ते त्याच दिवशी घरी सांगायचे, हेही त्याला वारंवार ऐकवावे.

‘नको’ म्हणण्याचा सराव ताटावर सुरू होतो. आपल्या खान्देशात पाहुण्याने कितीही नको म्हटले तरी आणखी एक मांडा त्याच्या ताटात पडतोच, आणि शेवभाजीचा रस्सा तर विचारल्याशिवायच वाढला जातो. हा आग्रह प्रेमाचा असला तरी अशा मुलाला तो महागात पडतो, कारण आपल्या नकाराला कोणी मोजत नाही, एवढेच तो त्यातून शिकतो. म्हणून त्याने भाकरी नको म्हटली की वाढू नये, दोन शर्टांपैकी कोणता घालायचा हे त्याला ठरवू द्यावे, आणि एखाद्या मामाने गाल ओढल्यावर तो मागे सरला तर त्याला चारचौघांत दटावू नये.

‘अनोळखी माणसाबरोबर जायचे नाही’ हा नियम आपण त्याला शिकवलाही असेल, पण तो त्याच्या उपयोगाचा नाही. बसस्टँडवर कोणी अहिराणीत ‘कथा चालना रे भाऊ?’ म्हणून विचारले की तो माणूस त्याच्या लेखी ओळखीचा झाला. त्यापेक्षा एकच नियम सगळ्यांना सारखा लावावा : आईला किंवा वडिलांना फोन केल्याशिवाय कोणाबरोबरही जायचे नाही, मग तो काका असो की शेजारी. हा नियम पाठ करून घेऊन भागत नाही. घरात विचारल्यावर मुले अचूक उत्तर देतात आणि यात्रेत गोळ्याच्या गाडीमागे चालू लागतात. म्हणून आधी आपण करून दाखवावे, मग त्याच्याकडून घरात, पुढे गल्लीत आणि बाजारात करून घ्यावे. शेवटी आपल्या विश्वासातल्या, पण तो ओळखत नसलेल्या व्यक्तीला ‘चल, गाडीवर चक्कर मारू’ असे त्याला म्हणायला सांगावे आणि आपण नजरेच्या टप्प्यात थांबावे. तो निघाला तर न रागावता तिथल्या तिथे पुन्हा सराव घ्यावा. त्याने मागे सरून फोन लावला तर त्याच क्षणी शाबासकी द्यावी. काही आठवड्यांनी हे पुन्हा पाहावे, कारण असे शिकलेले वापराविना विसरले जाते.

हरवल्यास जवळच्या दुकानात किंवा गणवेशातल्या पोलिसाजवळ जाऊन कार्ड दाखवायचे, हेही असेच करून घ्यावे. त्या कार्डावर घरच्या दोन माणसांचे फोन नंबर असावेत आणि ते खिशात असावे. गळ्यात अडकवलेल्या कार्डावरचे नाव वाचून कोणीही त्याला नावाने हाक मारू शकते. मोबाइलमध्ये ११२ हा आपत्कालीन क्रमांक पहिल्या पानावर ठेवावा, मात्र त्यावर सरावासाठी फोन लावू नये. स्वयंपाकात गॅसची शेगडी वापरायला सर्वांत शेवटी शिकवावे. तोवर इंडक्शनवर चहा पुरेसा आहे.

कायद्याची एक बाब बहुतेक पालकांच्या ध्यानात नसते. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो आणि त्यासाठीचा अर्ज जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक समितीकडे करावा लागतो. आपल्याला जळगावला चौकशी करता येईल. मात्र पालकत्व म्हणजे त्याचा प्रत्येक निर्णय दुसऱ्याने घेणे, असा अर्थ कोणी करू नये. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदाही पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यावा, याच मताचा आहे.

राहिला संस्थेचा प्रश्न. पुढे कधी तो संस्थेत गेलाच, तरी ही सगळी कौशल्ये त्याला तेथे अधिकच लागतील, कारण मदतीच्या निमित्ताने अंगाला हात लावणारी माणसे तेथे जास्त असतात आणि ती बदलतही राहतात.

प्रश्न : मी शहाद्याचा निवृत्त शिक्षक, वय ६८. पत्नी गेल्यापासून एकटा राहतो. मुलगा पुण्याला बोलावतो, पण गाव सोडवत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि चहापलीकडे स्वयंपाक येत नाही. मुलाची समजूत पटेल अशी कोणती तयारी करावी? — एक वाचक

उत्तर : सर, डबा जरूर लावावा, पण छोट्या कुकरमध्ये मुगाची खिचडी करता येईल एवढे शिकून घ्यावे. मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण चुकले तर रक्तातील साखर फार खाली जाऊ शकते आणि डबेवाला न येण्याचा दिवस कधी ना कधी उगवतोच. आपल्या गोळ्या त्या प्रकारच्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. अचानक घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते, आणि आपल्याकडे मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर अनवाणी गेलेल्या माणसाला फोड आल्याचेही कळत नाही.

उन्हाळ्यात मला सर्वांत धास्ती वाटते ती कूलरची. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून, चालू कूलरमध्ये पाणी भरताना दरवर्षी माणसे दगावतात. बटन बंद करून, प्लग काढून, मगच पाणी भरावे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच आपोआप वीज तोडणारे आरसीसीबी हे उपकरण बसवून घ्यावे. गॅसचा वास आल्यास एकही बटन चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे आणि १९०६ वर फोन करावा. फोनवर कोणी पोलीस असल्याचे सांगून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी दिली तर तो फोन तिथेच ठेवावा, कारण असा प्रकार कायद्यात नाही, पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० वर कळवावे.

मुलासाठी एक ठराव करावा : सकाळी ८ वाजेपर्यंत आपला संदेश जाईल, ९ पर्यंत न गेल्यास त्याने शेजाऱ्यांना फोन करावा आणि त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडावे. त्यासाठी रात्री आतून कडी लावण्याची सवय सोडून, बाहेरूनही किल्लीने उघडणारे कुलूप दाराला बसवून घ्यावे लागेल.