ऑफसाइडची तोंडी परीक्षा

प्रश्न: ताई, मी कांदिवलीला राहते, बीकेसीत जॉब. शाळेपासून आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबची फॅन, दादामुळे वेड लागलं, आता दादाने सोडलं आणि मी अडकले. ऑफिसमधली पोरं शनिवारी लोअर परळला मॅच बघायला जमतात, मी पण जाते, पण दरवेळी कोणीतरी नवीन पोरगा येतो आणि पहिला प्रश्न तोच, "ऑफसाइड म्हणजे काय, सांग बरं". पास सुटतो त्या क्षणी समोरच्यांच्या अर्ध्यात, बॉलच्या आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या पुढे असणं, असं सांगितलं की म्हणतात पाठ केलंय. मग 2003-04 ला लीगमध्ये एकही मॅच न हरलेल्या आर्सेनलच्या टीममधले पाच जण सांग. तेही सांगितले की "बॉयफ्रेंड आर्सेनलवाला का?" घरी आईचं वेगळंच, रात्री दीडची मॅच बघून सकाळची लोकल कशी पकडणार म्हणते, दादाला कधी नाही विचारलं असं. जाणं बंद करू का? - प्र., कांदिवली

उत्तर: अगं बंद कशाला, तुझं बिल ते भरतात का? ही परीक्षा पास होण्यासाठी नाहीच आहे, चुकलीस तर "बघ, म्हटलं नव्हतं" आणि बरोबर आलं तर पाठांतर, मग बसायचंच कशाला परीक्षेला. "मॅच सुरू झाली, नंतर बोलू" म्हणायचं आणि स्क्रीनकडे बघायचं. अगदीच खाज असेल तर उलट विचार, थ्रो-इनवर, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेरून हाताने फेकलेला बॉल, डायरेक्ट मिळाला तर ऑफसाइड देतात का? नाही देत. गोलकिक (गोलजवळून मारलेली किक) आणि कॉर्नर (कोपऱ्यातून मारलेली किक) यांवरही नाही. दहा वर्षं मॅच बघणारे भलेभले इथे हळूच मोबाईल काढतात, मी बघितलंय. आणि युरोपातला सगळ्यात मोठा कप 2007 आणि 2025 ला आर्सेनलच्या कोणत्या टीमने जिंकलाय, हेही विचार. बायकांच्या टीमने! मग बघ टेबलावर कशी शांतता पसरते.

आणि "बायका आता आल्या या खेळात" असं कोणी म्हणालं ना, तर सांग की 1885 ला इंग्लंडात प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबने बायकांना फुकट एन्ट्री ठेवली होती, एका मॅचला 2000 च्या आसपास बायका आल्या आणि क्लबने घाबरून फुकट एन्ट्रीच बंद केली. 1920 ला लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्क स्टेडियमवर बायकांची मॅच झाली, 53,000 लोक आत, हजारो बाहेर. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांसाठी नाही म्हणून त्यांना आपल्या क्लबांची ग्राउंडं बंद केली, ती जवळपास 50 वर्षं. म्हणजे आवड नव्हती असं नाही गं, आधी दार लावलं आणि मग म्हणायला मोकळे की बायका दिसतच नाहीत. इराणमध्ये तर 2019 पर्यंत बायकांना पुरुषांच्या मॅचला स्टेडियममध्ये घेतच नव्हते, एखाददुसरा अपवाद सोडून.

मला सगळ्यात आवडतो तो तुर्कस्तानचा किस्सा. 2011 मध्ये फेनरबाहचे या इस्तंबूलच्या क्लबच्या प्रेक्षकांनी राडा केला, शिक्षा म्हणून दोन मॅच रिकाम्या स्टेडियममध्ये होणार होत्या, मग ठरलं की पुरुष नकोत, फक्त बायका आणि 12 वर्षांखालची मुलं, तीही फुकट. 40 हजारांच्या वर आल्या! क्लबची गाणी म्हणत होत्या. ती काय आदल्या रात्री बसून पाठ केली होती का?

आता आईचा मुद्दा, कारण खरा अडथळा तो आहे, ऑफिसमधली पोरं नव्हेत. पोरांना टोमणा मारून गप्प करता येतं, घरातल्या झोपेच्या हिशोबाला नाही. चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, दीडची मॅच रोज नसते, महिन्याभराच्या मॅच आधीच कॅलेंडरवर लिहून ठेव, आवाज बंद ठेव, आणि दुसऱ्या दिवशी डोळे चोळत का होईना वेळेवर नीघ, मग आईच म्हणेल काय झालं काल रात्री. दादाला का नाही विचारलं हे भांडण करच, पण मॅचच्या रात्री नको, मूड जातो.

आणि एकदा अंधेरीला जा, मुंबई सिटी या आपल्या फुटबॉल क्लबच्या मॅचला. आझाद नगर मेट्रोला उतरलं की स्टेडियम जवळच आहे. ऑफिसमधल्या दोन मैत्रिणींना घेऊन जा, आवड नसली तरी चालेल, वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले, म्हणजे क्लबचे कट्टर फॅन, ओरडायला लागले की आपोआप ओरडतात. तिथे ऑफसाइड विचारायला कोणाला फुरसत नसते, सगळे ऑफसाइडचा झेंडा दाखवणाऱ्या लाइन्समनला शिव्या घालण्यात बिझी.

प्रश्न: माझी बायको लिव्हरपूल क्लबची फॅन, मी त्यांच्या कट्टर विरोधी मॅन युनायटेडचा. मित्र मॅच बघायला घरी येतात, ती काही बोलली की ते उत्तर माझ्याकडे बघून देतात. तिला राग येतो आणि निघतो माझ्यावर. - नि., ठाणे

उत्तर: बरोबर निघतो. "तिने विचारलंय, तिला सांग" एवढं एक वाक्य बोला, दोन-तीन मॅचमध्ये सवय लागते लोकांना. आणि हाफटाइमला चहा कोण टाकतं हो तुमच्याकडे? मार्च 2023 ला लिव्हरपूलने तुम्हाला 7-0 हाणलं, त्यातले 6 गोल सेकंड हाफमधले, त्यातले दोन तर सेकंड हाफच्या पहिल्या पाच मिनिटांतच. ती तेव्हा आल्याचा चहा गाळत उभी असेल तर राग येणारच. यापुढे चहा तुम्ही टाका, तसंही युनायटेडवाल्याचं काही फार हुकत नाही सध्या.