काऊला दारात ठेवून जाऊ नये

शिरोळच्या पालकांस,

सप्रेम नमस्कार. तुमचा मुलगा अकरावीला, कला शाखेत. 'गोष्टीबद्दल स्वमत लिहा' म्हटलं की तो घरचंच पुराण लावतो, बाई मार्क कापतात, आणि 'या गोष्टींच्या नादात पुढे पोटापाण्याचं काय' हा तुमचा घोर. वहीचं पान सोबत जोडलंत ते बरं केलंत. पत्रापेक्षा तेच जास्त बोललं.

बाईंनी मुद्दाम लहानपणची चिऊ-काऊची गोष्ट दिलेली दिसते. शेणाचं घर वाहून गेलंय, काऊ दारात भिजतोय आणि आत चिऊचं 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' चाललंय. निम्म्या वर्गानं लिहिलं असणार, कावळा आळशी, चिमणी शहाणी. तुमच्या मुलानं लिहिलंय, '2019 च्या पुरात आम्ही मावशीच्या दारात रात्री गेलो. तिनं तीट लावत बसली नाही.' व्याकरण चुकलंय, पण मी ते वाक्य दोनदा वाचलं.

तरी बाईंचं चुकलेलं नाही. पुढचं दीड पान पाणी, म्हैस, पंचनामा, चिऊ-काऊ गायब! आपल्या अनुभवावरून त्यानं परत गोष्टीत यायला हवं. चिऊची कामं खरीच होती की टाळाटाळ? घरात तान्हं बाळ असताना काऊसारख्याला आत घ्यावं का? आधी चिऊची बाजू नीट मांडायची, मग खोडायची. नुसतं 'मला वाटतं' म्हणजे मत नव्हे.

पोटापाण्याचं म्हणाल तर हेच कौशल्य वकिलीत, पत्रकारितेत, समाजकार्यात रोज लागतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर असतो. त्यात प्रसंग देऊन 'तुम्ही काय कराल, का?' असंच विचारतात. मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेतला तर त्याचे आणखी 500 गुण. मात्र नुसत्या बी. ए. मराठीवर नोकरी दारात येईल असं मी सांगणार नाही. जोडीला बी. एड., कायदा किंवा पत्रकारिता हवी. ते बारावीनंतर ठरवू, आत्ता घाई नको.

तूर्त तेच उत्तर त्याच्याकडून एका पानात पुन्हा लिहून घ्या. मावशी राहू दे, म्हैस काढली तरी चालेल. फक्त या वेळी काऊला दारात तसाच उभा ठेवून जाऊ नकोस म्हणावं.