गाडी एका बाजूला बसते, पण दोष कोणत्या टोकाचा?

प्रश्न : माझी २०१६ची थार सीआरडीई आहे. ताम्हिणी-मुळशीकडच्या कच्च्या वाटांसाठी गाडी सुमारे दोन इंच उचलून घेतली. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) ताणले, मागे पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) एकेक पाता वाढवला. तेव्हापासून गाडी ड्रायव्हरच्या बाजूला ३ सेंटिमीटर दबलेली दिसते. गॅरेजवाले म्हणतात, मागे उजवीकडे आणखी एक पाता टाकू, सरळ होईल. टाकू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नका टाकू. एकाच बाजूला पाता वाढवला की दोन्हीकडचा कडकपणा वेगळा होतो. रिकामी गाडी सरळ दिसेल, पण माणसं आणि सामान भरलं की ती डावीकडे कलेल. उतारावर, दगडांत, जिथे दोन्ही चाकांनी सारखं वागायला हवं तिथेच ती दगा देईल.

आधी मोजमाप नीट करा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तिथे घेतलेल्या मापाला अर्थ नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या आणि चारही चाकांखालची जमीन एका पातळीत आहे का ते बघा. चारही टायरची हवा सारखी करा. माप मडगार्डच्या कडेपासून घेऊ नका. बॉडीखालचे रबर बसले असतील तर चासी (गाडीचा खालचा सांगाडा) सरळ असूनही बॉडी कललेली दिसते. मागे चासीपासून अ‍ॅक्सलपर्यंत (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या कण्यापर्यंत) आणि पुढे चासीपासून जमिनीपर्यंत मोजा. एकदा रिकामी गाडी, एकदा तुम्ही स्वतः सीटवर बसून.

आता मुख्य गोष्ट. जो कोपरा खाली दिसतो, दोष त्याच कोपऱ्यात असेल असं नाही. चासी ताठ असते. पुढचा उजवा टॉर्शन बार कमी ताणलेला असेल तर मागची उजवी बाजूही खाली ओढली जाते, आणि आपण विनाकारण पाट्यांच्या मागे लागतो. म्हणून आधी टोक ओळखा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर मध्यावर ट्रॉली जॅक लावून मागची दोन्ही चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढीच उचला. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांखाली, इंचभर अंतर सोडून, स्टँड ठेवा आणि गाडीखाली कोणी शिरू नका. मागचं टोक आता एकाच बिंदूवर तोललेलं आहे, त्यामुळे ते गाडीला ना उजवीकडे ढकलत ना डावीकडे. या स्थितीतही पुढे फरक राहिला तर दोष टॉर्शन बारचा. फरक गेला तर दोष मागच्या पाट्यांचा किंवा त्यांच्या टोकांत बसवलेल्या रबरी बुशांचा. पुढे अँटी-रोल बार (दोन्ही चाकांना जोडून गाडीचा कल रोखणारा दांडा) असेल तर त्याची एका बाजूची लिंक आधी सोडा, नाहीतर तो मध्येच लुडबुड करतो.

टॉर्शन बारचा बोल्ट फिरवताना मागचं टोक खाली घ्या, मग पुढची चासी स्टँडवर घेऊन बारवरचा ताण उतरवा आणि आट्यांना ग्रीस लावा. ताणाखाली बोल्ट फिरवला तर आटे जातात. थोडं फिरवा, गाडी खाली घेऊन थोडी पुढेमागे चालवा, मग मोजा. चाकं जागच्या जागी घट्ट असतील तर माप खोटं येतं. दोन्ही बाजू एकदम ओढू नका, आधी खालची बाजू वर आणा. बोल्ट ताणल्याने बार कडक होत नाही, फक्त त्याची सुरुवातीची जागा बदलते. म्हणून जास्त ताणला की चाकाला खाली लटकायला जागाच उरत नाही आणि खड्ड्यात ठक्कन आवाज येतो. बारवर डावा-उजवा अशी खूण असेल तर अदलाबदल करू नका. शेवटी अलाइनमेंट हवंच, कारण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) दोन्ही बदलतात.

दोष मागे निघाला तर पहिला संशय बुशवर घ्या. गाडी उचलून लटकत्या अवस्थेत शॅकलचे (पाट्याचं एक टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट आवळले असतील तर रबर पिळलं जातं आणि स्प्रिंगसारखं एका बाजूला ओढत राहतं. गाडी चाकांवर उभी असताना शॅकलचे आणि पाट्याच्या दुसऱ्या टोकाचे बोल्ट सैल करा, मागून दाबून दहा-पंधरा झोके द्या, मग ठरलेल्या टॉर्कला आवळा. पुष्कळदा सगळा प्रश्न इथेच सुटतो. तरीही फरक राहिला तर दोन्ही पाटे उतरवा. पाट्याच्या एका टोकाच्या डोळ्यापासून (गोल भोकापासून) दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणून मध्यावरची कमानीची उंची मोजा. दोन्हींत फरक दिसला तर निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रकचे पाटे बनवणाऱ्यांकडे न्या आणि जोडीनेच कमान द्यायला लावा. एकच पाटा दुरुस्त करून आणू नका.

सगळं करून १० मिलिमीटरपर्यंत फरक उरला तर सोडून द्या.

प्रश्न : माझी जिम्नी उचलल्यावर कललेली नाही, पण मागची चाकं एका बाजूने जास्त बाहेर आलेली दिसतात. – एक वाचक, बाणेर

उत्तर : हा कल नाही, अ‍ॅक्सल सरकला आहे. जिम्नीचा अ‍ॅक्सल आडव्या पॅनहार्ड रॉडने चासीला बांधलेला असतो. गाडी उचलली की रॉड जास्त तिरपा होतो आणि अ‍ॅक्सल त्याच्या चासीकडच्या टोकाच्या बाजूला ओढला जातो. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोन्हीकडे टायरपर्यंतचं अंतर मोजा. दोन इंचांच्या लिफ्टला काही मिलिमीटरचा फरक येणारच. तो घालवायचा असेल तर लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड बसवा, आणि गाडी चाकांवर उभी असतानाच त्याची लांबी ठरवा. त्यासाठी स्प्रिंगला किंवा स्पेसरला हात लावण्याची गरज नाही.