पुरुष वंध्यत्वाच्या संशोधनात करिअर करावं का?

तुम्ही लिहिलंय की कळव्याला राहता, बायोकेमिस्ट्रीत एमएससी झालंय, पुरुष वंध्यत्वावर पीएचडी करायची आहे, पण घरचे म्हणतात ‘मुलीने हा विषय कशाला घ्यायचा?’ शिवाय पुढे काम मिळेल का, हीही काळजी आहे. मी ठाण्याची. याच विषयात पीएचडी केली आणि अजून याच विषयात आहे. माझं उत्तर: जरूर या, इथे माणसं कमी पडतात.

मूल होत नाही म्हटलं की आधी बाईच्या तपासण्या सुरू होतात. सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांचा एक्स-रे, वर नवस आणि उपास. जवळजवळ निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कारण असतं, तरी साधी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी होते. याचा मला आजही राग येतो.

पीएचडीला लागल्या लागल्या जनुकांवर काम मिळेल असं मात्र समजू नका. आधी मायक्रोस्कोपवर बसावं लागतं. नमुना आला की ३७ अंशांवर ठेवायचा. अर्ध्या तासात तो बहुधा पातळ होतो. तासाभरातही झाला नाही तर तशी नोंद करायची. पिपेटमधून थेंब सोडायचा; दोन सेंटिमीटरपेक्षा लांब तार सुटली तर चिकटपणा जास्त. मग मोजणी. एका वेळी किमान २०० शुक्राणू, तेही दोनदा, दोन वेगळ्या थेंबांतून. दोन्ही आकड्यांत फार फरक पडला तर पुन्हा पहिल्यापासून. मान अवघडते, डोळे चुरचुरतात. पण हा हात बसल्याशिवाय पुढच्या कुठल्याही यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आकडा वाचणंही शिकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलीलीटरला १.६ कोटी शुक्राणू अशी आहे. ही मर्यादा काढली ती वर्षभराच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस गेले अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून, आणि त्यांतल्या ५ टक्के पुरुषांचा काउंट याहून कमीच होता. म्हणजे काउंट थोडा कमी आला म्हणून बाप होता येणार नाही, असं नाही. घरून आणलेला नमुना तासाभरात लॅबला पोचायला हवा. तो कासारवडवलीहून निघून माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की हालचाल मंद दिसते आणि ठपका बसतो नवऱ्यावर. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे पावसाळ्यातला डेंग्यू दिवाळीच्या रिपोर्टात दिसू शकतो. नमुना किती वाजता दिला, गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, जिममध्ये कोणी इंजेक्शनं दिली का, हे विचारल्याशिवाय मी आकड्याकडे बघत नाही. तो इंजेक्शनांचा प्रश्न मी कधीच सोडत नाही, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून येणारे एलएच आणि एफएसएच हे हार्मोन्स खाली जातात आणि शुक्राणू तयार होणं बंदही पडू शकतं. अंगाने धडधाकट पोरगा, आणि रिपोर्ट निल, म्हणजे वीर्यात एकही शुक्राणू नाही.

संशोधनाचा उपयोग काय, याचं एकच उदाहरण देते. निल रिपोर्ट आलेल्या काही पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असतो, हे १९७६ मध्ये लक्षात आलं. पुढे त्या भागाचे ए, बी, सी असे तुकडे ओळखले गेले. आज रक्ताच्या तपासणीत ए किंवा बी पूर्ण गेलेला दिसला, तर शुक्राणू शोधायला अंडकोषावर शस्त्रक्रिया करू नका, असं सांगता येतं. फक्त सी गेला असेल तर आशा असते, पण तो दोष मुलाकडेही जाणार, हेही सांगावं लागतं. आणि इतकं होऊनही कित्येक पुरुषांमध्ये कारण सापडतच नाही. तुमच्यासाठी काम तिथे आहे.

रस्ता म्हणाल तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळवा. २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता वेगळा. ठाण्या-कळव्याकडच्या मुलांना परळची आयसीएमआरची प्रजनन संशोधन संस्था स्लो लोकलच्या अंतरावर आहे. केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ला भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून गाजलेल्या हर्षाचा जन्म झाला, त्यात डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर याच संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. आनंद कुमारांनीच पुढे १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींचा असल्याचं लिहिलं. अशा माणसांची ही परंपरा आहे. पीएचडीनंतर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लॅब, औषध कंपन्या आणि अध्यापन हे रस्ते असतात. सरकारी शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या, त्यासाठी थांबायची तयारी ठेवा.

घरच्यांना सांगा की माझ्या पाहण्यातल्या लॅबमध्ये निम्म्याहून जास्त मुलीच आहेत. नमुना द्यायला आलेला माणूस आधीच खाली मान घालून उभा असतो. त्याच्याशी नीट, सरळ शब्दांत बोलणारं कोणी भेटलं की तो मोकळा होतो. समोर बाई आहे की पुरुष, याचं त्याला फारसं काही वाटत नाही.

गाइड ठरवण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: नमुने कुठल्या रुग्णालयातून येणार आणि एथिक्स कमिटीची मंजुरी झाली आहे का? रुग्णालयाशी पक्कं ठरलेलं नसेल, तर तुमच्या फेलोशिपची वर्षं नमुन्यांची वाट बघण्यात जातील.