पाणी जायची वाट पाहत बसू नकोस

दारव्हा तालुक्यातून एका पोरीनं लिहिलंय: "मावशी, मी पहिलटकरीण. तारीख पोळ्याच्या आसपासची. परवा रात्री पोट दगडासारखं कडक झालं, मग आपोआप मोकळं झालं. शेजारच्या काकू म्हणतात, पोट उतरलं, आता कधीही. सासूबाई म्हणतात, पाणी गेल्याशिवाय दवाखान्यात जायचं नाही, नुसतं परत पाठवतात. मला आई नाही. उगाच सगळ्यांची धावपळ केली तर लाज वाटेल."

पोरी, विचारलंस ते बरं केलंस. परवाच्या त्या बहुधा खोट्या कळा. कूस बदलली, पाणी प्यायलं, जरा चाललं की त्या थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. बहुतेकींना त्या कंबरेतून निघून पुढे पोटात येतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं, आणि कळ आली की बोलता बोलता बोलणं तुटतं. मोबाइलमध्ये वेळ बघ: एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटं? दवाखाना जवळ असला तर पाच मिनिटांवर येईपर्यंत घरी थांबता येतं. तुझा रस्ता लांबचा, त्यात पावसाळा. कळा नियमित झाल्या की निघ. नाला भरून रस्ता बंद होत असेल तर तारखेच्या आधीच तालुक्याला कुणा नातलगाकडे जाऊन राहा.

पोट पहिल्या खेपेला दोन-चार आठवडे आधीही उतरतं, त्यावर दिवस ठरवू नकोस. चिकट, लालसर स्राव गेला तर कळा काही तासांत येतील किंवा काही दिवसांनी.

सासूबाईंचं म्हणणं मला पटत नाही. बहुतेक बायकांचं पाणी कळा सुरू झाल्यावरच जातं, कधी अगदी शेवटी. कळा नसताना गेलं तरी लगेच निघायचं, आणि पाणी हिरवट दिसलं तर सिस्टरला तसं सांगायचं. अंगावरून रक्त गेलं, बाळ कमी हलू लागलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटके आले, तर कळा मोजत बसायचं नाही. थेट १०८ लावायचा. तारखेला तीन आठवड्यांहून जास्त अवकाश असताना नियमित कळा आल्या, तरीही थांबायचं नाही.

आणखी एक, हे मी जीव तोडून सांगते: कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणाकडूनही घेऊ नकोस. गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं.

परत पाठवलं तर पाठवू देत. तिथं तपासणी होते, बाळाचे ठोके ऐकले जातात. त्यात लाज कसली? सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत असतं, नेण्या-आणण्याची सोयही. आशाताईला घरी बोलाव आणि सासूबाईंसमोरच हे सगळं विचार. त्यांनाही तुझी काळजीच आहे. आणि नवऱ्याला आजच सांग, रात्री दोन वाजता लागलीच तर गावात कुणाची गाडी निघेल, ते बोलून ठेव.