रात्रभर गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून काय खावं-प्यावं?

तुम्ही लिहिलंय की शुक्रवारी ऑफिस करून रात्री 8 ला पुण्याहून निघणार, शनिवारी सकाळी 9 ला जळगावात मामेबहिणीची हळद, आणि गाडी चालवणारे तुम्ही एकटेच.

भाऊ, या बेतात गाडी चालवू नका. कडक चहा, सुपारी, काच खाली करून वारा, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी, यातलं काहीही रात्र काढून देत नाही. आमचं घर जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याकडचं, केळीच्या गाड्यांचा धंदा. माल नाशवंत, उत्तरेत वेळेत पोचवायचा, म्हणून रात्रीचं चालणं आलंच. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर जांभयांवर जांभया यायला लागल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, किंवा डावी चाकं साइडपट्टीवर उतरून खडखडली, की ढाबा बघून गाडी लावतात. चहा घेतात, क्लीनरला ‘वीस मिनिटांनी उठव’ सांगतात आणि खाटेवर आडवे होतात. आधी चहा, मग झोप हा क्रमही बरोबर आहे, कारण चहा-कॉफीचा असर व्हायला 20 ते 30 मिनिटं जातात. उठल्यावर लगेच स्टिअरिंगवर बसत नाहीत. तोंड धुतात, टायर ठोकत गाडीभोवती फेरी मारतात, तोवर गुंगी उतरते. पण ही डुलकी थोड्या वेळापुरतीच, रात्रीच्या झोपेची भरपाई त्यात होत नाही.

डोळा लागतो तेव्हा आपल्याला कळतच नाही, खरा धोका हाच. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंद पापणी मिटली तर जवळजवळ 90 मीटर गाडी कोणीच चालवत नसतं, आणि पुढे उभा ट्रक असला तर ब्रेकवर पायही पडत नाही.

आता तुमचा हिशेब. सकाळी 6 ला उठलात तर रात्री 11 ला सलग 17 तास जागे. एवढ्या जागरणाने माणसाची गाडीवरची पकड रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखी सुटते, असं अभ्यासांत दिसलंय. आपल्या कायद्यातली मर्यादा 0.03 आहे. दारू फुंकर मारून पकडता येते, झोप पकडणारं यंत्र नाक्यावर नसतं. त्यातून वाटेत जेवलात की सिल्लोड सोडून अजिंठ्याचा घाट उतरायची वेळ येते पहाटे 3 च्या सुमारास. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत शरीर स्वतःच झोप मागतं, सवयीच्या ड्रायव्हरचंही. सर्दीची गोळी घेतली असेल तर विचारूच नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झापड येते.

म्हणून संभाजीनगरला मुक्काम करा. रात्री 1 च्या सुमारास पोचाल, साडेतीन-चार तास झोपा आणि 5 ला निघा. पुढे दीडशे-एक किलोमीटर उरतात, घाट उजेडात उतरतो आणि हळद गाठता येते. पूर्ण झोप हवी असेल तर पुण्याहून रात्रीच्या रेल्वेने या, मी तरी तेच करीन. मामांना आजच कळवा की रात्री जागत बसू नका. ‘कुठवर आलात?’ असे फोन दर अर्ध्या तासाने आले की माणूस थांबायचं टाळतो. आणि शेजारच्या सीटवर जो बसेल त्याने झोपायचं नाही, हे निघण्याआधीच ठरवा.

परतीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. लग्नघरात दोन रात्री नीट झोप होत नाही. रविवारी पंगतीत वरण-बट्टी, वर आमच्या खानदेशातलं ऊन, आणि दुपारी 2 ते 4 ही शरीराची दुसरी सुस्तीची वेळ. जेवून लगेच निघू नका. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाका, रविवारी रात्री लवकर झोपा आणि पहाटे निघा.