त्रिनिदादमध्ये एकच दिवस आणि सोबत आई-बाबा: काय ठेवावं, काय काढावं

तुम्ही न्यू जर्सीहून आणि आई-बाबा पुण्याहून आलेले, मुक्काम पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, हातात एक पूर्ण दिवस. गाइडने माराकस बीच, पिच लेक म्हणजे डांबराचं तळं, वॉटरलूचं देऊळ आणि कॅरोनीची खारफुटीची दलदल असं सगळं एकाच दिवसात बसवून दिलंय. ते घ्यावं का, असं विचारलंय. घेऊ नका. गाइड चांगला असेल, पण हा दिवस गाडीतच जाईल. माराकस उत्तरेच्या डोंगरापलीकडे आणि पिच लेक पार नैऋत्येला ला ब्रेआत. नकाशावर बेट छोटं दिसतं, पण दुपारनंतर हायवेवर जी रांग लागते ती नकाशात दिसत नाही.

मी पॉइंट लिसासच्या कारखान्यांत नोकरीला होतो, त्यामुळे घरी येणाऱ्या पाहुण्यांना फिरवण्याचं काम माझ्याकडेच असायचं. माझं ठाम मत असं की दिवस उलटा आखायचा. दुपारी चारच्या सुमारास कॅरोनीच्या बोटी सुटतात. ती वेळ पक्की धरा आणि बाकीचं तिच्यामागे लावत या.

सकाळी पहिलं काम म्हणजे डबल्स. दोन मऊ बारे म्हणजे तळलेल्या पुऱ्या, मध्ये रश्शाचे छोले, वर चिंच आणि काकडी, सगळं कागदात गुंडाळून हातात देतात. गाडीवाला विचारेल तिखट किती. आपण मराठी माणसं तिखट खातो या भरवशावर राहू नका, 'स्लाइट' म्हणा. तिथली मिरची वेगळ्याच जातीची आहे. आई शाकाहारी असतील तर या बेटावर त्यांची अजिबात आबाळ होणार नाही. दुपारी डाळपुरी आणि भोपळ्याची भाजी कुठेही मिळते.

बाबा क्रिकेटवेडे आहेत म्हणालात, मग क्वीन्स पार्क ओव्हलला जाऊन याच. मार्च 1971 मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते इथे. सरदेसाईंच्या 112, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरांच्या 65 आणि नाबाद 67. त्याच दौऱ्यातली शेवटची कसोटीही इथेच, गावसकरांच्या 124 आणि 220. पाच वर्षांनी भारताने 403 धावांचं लक्ष्य गाठलं तेही याच मैदानावर. आत सोडतील का, हे गाइडला आधी फोन करून विचारून ठेवायला सांगा. बाबांना फाटकाबाहेरून परत आणू नका.

तिथून दक्षिणेला कारापिचायमा. दत्तात्रेय मंदिराच्या आवारातली 85 फुटी हनुमानमूर्ती लांबूनच दिसते. पण मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो वॉटरलूच्या समुद्रातल्या देवळाला. शिवदास साधू नावाच्या उसाच्या मळ्यातल्या मजुराने किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची, म्हणून देऊळ पाडलं आणि त्यांना 14 दिवस तुरुंगात टाकलं. जमीन कुणाची तरी असते, समुद्र कुणाचा नसतो, असं म्हणून ते सुटल्यावर ओहोटीला सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन पाण्यात भर घालत राहिले, वर्षानुवर्षं. आजचं देऊळ 1990 च्या दशकात सरकारने बांधून पूर्ण केलं, तिथवर पायवाट आहे, आई-बाबांना चालायला त्रास नाही. भरतीला गेलात तर चहूबाजूंनी पाणी असतं, ओहोटीला नुसता चिखल, म्हणून गाइडला भरतीची वेळ विचारा. शेजारीच किनाऱ्यावर स्मशान आहे. चिता पेटलेली असेल तर कॅमेरा खाली ठेवा.

वाटेत घरांसमोर बांबूवर रंगीत झेंडे दिसतील. ती पूजेनंतर लावलेली झंडी. 30 मे 1845 ला 'फतेल रझाक' जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, इथे उतरले. पुढे आलेले बहुतेक भोजपुरी-अवधी पट्ट्यातले, थोडे मद्रासकडचे. हिंदी बोलायला जाऊ नका, घरची भाषा आता इंग्रजीच आहे. 'सीताराम' म्हणा, लगेच उत्तर येतं.

साडेतीनपर्यंत कॅरोनीच्या धक्क्यावर पोहोचा. शौचालयाला आधीच जाऊन या, बोटीवर सोय नसते. डास पळवायचं मलम आणि दुर्बीण घ्या. खारफुटीच्या बोगद्यांतून जाताना फांदीवर वेटोळं घालून बसलेला अजगरासारखा साप नावाडी दाखवतो, तुम्हाला तो एरवी दिसणार नाही. मग बोट मोकळ्या पाण्यात बांधतात आणि सगळे गप्प होतात. सूर्य खाली गेला की लाल शराटी (स्कार्लेट आयबिस पक्षी) थव्याथव्याने येऊन समोरच्या बेटावर उतरतात. पिल्लं मातकट असतात, खेकडे-कोळंबी खाऊन अंगात लाली चढते. बोट जवळ नेण्याचा हट्ट करू नका. 2018 पासून या पक्ष्याला विशेष संरक्षण आहे, मारणाऱ्याला एक लाख स्थानिक डॉलर दंड आणि 2 वर्षं कैद होऊ शकते.

गाडी ठरवताना नंबरप्लेट बघा. भाड्याच्या अधिकृत गाडीचा नंबर 'एच'ने सुरू होतो, खासगीचा 'पी'ने. बोटीचं तिकीट, जेवण आणि संध्याकाळी हॉटेलवर परत सोडणं किमतीत धरलंय का, हे लेखी घ्या. मिलिटरी छापाचे कपडे बॅगेत असतील तर काढून ठेवा, तिथे ते घालणं गुन्हा आहे.

आणि हे फार महत्त्वाचं: पीतज्वराचा (यलो फीवर) धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे. बेट सोडल्यापासून 6 दिवसांच्या आत आई-बाबा भारतात उतरणार असतील तर लसीचा दाखला हवा, नाहीतर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात. दाखला लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतो. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेण्यात धोका थोडा जास्त असतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला. मला विचाराल तर लस टाळून त्यांना न्यू जर्सीत आठवडाभर जास्त ठेवून घ्या. तारखा कळवल्यात तर गाइडला पाठवायचा मजकूर मी लिहून देतो.